'शिवाजी' हे नाव : काही विचार

शिवाजी जन्माला यावा, पण तो शेजाऱ्याच्या घरी, ही म्हण मराठी माणसाच्या भित्रेपणाची साक्ष म्हणून नेहमी काढली जाते. व्याख्यानात ती आली की श्रोते हसतात, आणि वक्ता दोन शब्द बोध करून पुढे सरकतो. माझ्या मनात ही म्हण ऐकली की एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. शिवाजी शेजाऱ्याच्या घरी जन्मावा हे खरे; पण त्याचे नाव? तेही आपण शेजाऱ्याकडेच ठेवले की आपल्या पाळण्यात आणले? आणले असेल तर केव्हा आणले, कोणी आणले, आणि कोणत्या मुलखात? पुरुषाची कीर्ती आणि त्याच्या नावाचा प्रसार ह्या दोन गोष्टी एकच, असे आपण सहज गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात मला एवढेच दाखवावयाचे आहे की शिवाजी ह्या नावापुरते तरी हे गृहीत खरे नाही. किंबहुना कित्येकदा कीर्तीच नावाच्या आड आलेली आहे.

प्रारंभीच एक अडचण सांगितली पाहिजे. आपल्याकडील खानेसुमारी माणसे मोजते, भाषा मोजते. व्यक्तींच्या नावांची मोजदाद ती प्रसिद्ध करीत नाही. तेव्हा अमुक साली अमुक इतके शिवाजी जन्मले, असे छातीठोकपणे सांगण्याची सोय नाही, आणि तसे सांगणाऱ्यावर वाचकांनी विश्वासही ठेवू नये. आपल्या हाती राहतात त्या वंशावळी, बखरी, ग्रंथांची शीर्षके, सार्वजनिक जीवनात पुढे आलेल्या माणसांची नावे आणि शिक्षकाच्या नजरेखालून जाणारे हजेरीपट. ह्या साधनांनी आकडा मिळत नाही, परंतु दिशा मिळते.

आता नावाच्या घडणीकडे वळू. शिवनेरीवरील शिवाईच्या नावावरून बाळाचे नाव शिवाजी ठेवले, अशी परंपरा आहे. त्याच्या वडिलांचे व चुलत्यांचे नाव अहमदनगरच्या शाह शरीफ ह्या पिराच्या नवसाने शहाजी आणि शरीफजी असे पडले, अशीही परंपरा आहे. दोन पिढ्यांत एक पीर आणि एक देवी. आणि दोन्ही नावांना शेवटी तोच 'जी' लागलेला. हा 'जी' आज आपण हिंदीच्या संसर्गाने आदरार्थी प्रत्यय समजतो. सतराव्या शतकातल्या मराठीत तो नावाच्या अंगचाच झालेला होता. मालोजी, संभाजी, तानाजी, येसाजी, बहिर्जी, धनाजी, संताजी ही नावे उच्चारताना त्या माणसास कोणी मुद्दाम मान देत नव्हते; ते त्याचे नावच होते. ह्यात जातीचेही बंधन नव्हते. पेशव्यांच्या घरात बाळाजी आणि चिमाजी होते, शिंद्यांच्या घरात राणोजी आणि महादजी होते, आणि गावोगावच्या कुळवाड्यांतही हीच घडण चालत होती. 'जी' लागूनही नाव एकेरीच राहते, हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढच्या पुष्कळ गोष्टी सुलभ होतात.

आणखी एक मौज अशी की, ज्या नावाने आज आपण त्या पुरुषास ओळखतो, त्या पूर्ण नावाचा आग्रह त्याच्या समकालीन कागदांत सर्वत्र दिसत नाही. राजमुद्रेवर शाहपुत्र 'शिव' आहे. नाण्यावर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' आहे. संस्कृतात कवींद्र परमानंदाने काव्य रचले त्याचे नाव 'शिवभारत'. कवी भूषण १६७३ मध्ये 'शिवराजभूषण' पुरे करतो, आणि त्याच्या व्रजभाषेत नायक 'सिवराज' होतो, कधी नुसता 'सिवा'. मोगल दरबारचे फारसी लेखक तर 'जी' काटेकोरपणे गाळून 'सिवा' म्हणतात. तेथे तो अक्षरलोप अनादराचा आहे. इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत 'सेवाजी' आहे, आणि १७३० साली लिस्बन येथे छापलेल्या कॉस्मे द ग्वार्दा ह्याच्या पोर्तुगीज चरित्रग्रंथाच्या शीर्षकातही 'सेवाजी'च आहे. म्हणजे सुरत आणि गोवे ह्या दोन्ही ठिकाणच्या परक्या कानांना मराठी 'शि' हा 'से' असा ऐकू आला. एकच नाव संस्कृतात देवाकडे झुकते, फारसीत खाली ओढले जाते, फिरंग्यांच्या लेखणीत विचित्र रूप घेते, आणि मराठीत मात्र 'शिवबा'पासून 'शिवाजीराजे'पर्यंत सगळ्या पायऱ्या हसतखेळत चढते-उतरते.

शेजारच्या भाषा पाहिल्या म्हणजे ह्या घडणीचे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. आम्ही सीमाभागातील मंडळी रोज हे पाहतो. कानडीत शिवाला 'अप्पा', 'अण्णा', 'अय्या' लागून शिवप्पा, शिवण्णा, शिवय्या होतात. केळदीचा प्रसिद्ध शिवप्पा नायक १६४५ ते १६६० ह्या काळात राज्य करीत होता, म्हणजे पुण्या-मावळात शिवाजी वाढत होता तेव्हा बिदनूरला शिवप्पा गादीवर होता. देव एक, काळ एक. सह्याद्रीच्या एका अंगाला 'जी' आणि दुसऱ्या अंगाला 'अप्पा'. गुजराती व कच्छी व्यापाऱ्यांत 'शिवजी' हे नाव रूढ आहे. एकोणिसाव्या शतकात झांझिबारमध्ये जयराम शिवजी ही पेढी नामांकित होती. बिहारकडेही शिवजी आहेत. पण तो 'शिवजी' म्हणजे प्रत्यक्ष महादेव, भक्ताने आदराने उच्चारलेला. 'शिवजी' आणि 'शिवाजी' ह्यांत एका 'आ'काराचा भेद आहे, आणि त्या एका मात्रेत सारा मराठी मुलूख मावतो. नावांचे कोश करणारे काही लोक दोन्ही एकाच रकान्यात घालतात, ते सपशेल चूक आहे.

छत्रपतींच्या पश्चात हे नाव प्रथम कोठे गेले? ते घरातच राहिले. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली जुनी चाल आहे. तिच्याप्रमाणे संभाजीराजांच्या मुलाचे नाव शिवाजी ठेवले होते आणि शाहू हे नाव त्यास मागाहून पडले, असे इतिहासकार सांगतात. राजारामास ताराबाईपासून झालेला मुलगा शिवाजी. पुढे करवीरच्या गादीवर शिवाजी पुन्हा पुन्हा आले. तंजावरच्या भोसल्यांत व्यंकोजीचे घराणे चालले, तेथे शहाजी, सरफोजी, तुळजाजी अशी नावे फिरत राहिली, आणि १८५५ मध्ये निवर्तलेला शेवटचा राजाही शिवाजीच होता. म्हणजे कावेरीकाठी मराठी राज्य संपले ते शिवाजी ह्या नावानेच संपले. इंदूरला १८८६ ते १९०३ पर्यंत शिवाजीराव होळकर गादीवर होते. वडोद्यास सयाजीराव महाराजांच्या एका पुत्राचे नाव शिवाजीराव होते, आणि कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या धाकट्या पुत्राचेही नाव शिवाजी होते. हे दोघे राजपुत्र पुढेमागे एकाच सुमारास, १९१८ आणि १९१९ मध्ये, ऐन तारुण्यात गेले.

ही यादी मी मुद्दाम दिली. तीत राजवाडे आहेत, पण आळी नाही. राजघराण्यात नाव हे व्यक्तीचे नसून गादीचे असते. कवळाण्याच्या गोपाळरावास १८७५ मध्ये वडोद्याने दत्तक घेतले तेव्हा तो सयाजी झाला. कागलकर घाटग्यांचा यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापुरास दत्तक जाऊन शाहू झाला. ज्या नावावर गादीची अशी मालकी असते, ते नाव रयतेने आपल्या पोराला ठेवणे सोपे नसते. ह्या काळात सामान्य घरांत शिवाजी मुळीच नव्हते, असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणण्यास पुरावा नाही. परंतु एकोणिसाव्या शतकातील लेखक, संपादक, शिक्षक, कारकून, वकील ह्यांच्या नावांवरून नजर फिरविली तर शिवराम जागोजाग भेटतो आणि शिवाजी शोधावा लागतो. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे ह्यांनी ज्या पुरुषाच्या गौरवात लेखणी झिजविली त्याचे नाव त्यांच्या नावापासून दोन अक्षरांच्या अंतरावर होते. पण पांढरपेशा घरांत ती दोन अक्षरे ओलांडली जात नव्हती. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, ज्यांनी पुढे अमरावतीस तपोवन उभारून कुष्ठरोग्यांची सेवा केली, त्यांचा जन्म १८९२ चा. त्या पिढीच्या पांढरपेशा वर्गात हे नाव अपवादानेच आढळते, म्हणूनच ते डोळ्यांत भरते.

शिंद्यांच्या ग्वाल्हेरची गोष्ट निराळी. तेथे जयाजी, माधवराव, जिवाजी अशी स्वतःची नावे होती आणि त्यांना इतरांकडून उसने घेण्याची गरज वाटली नाही. ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी कुटुंबांतही आपापल्या दरबारचीच नावे उतरली असावीत असा माझा तर्क आहे; त्याची शहानिशा तेथील सभासदांनीच करावी.

नाव राजवाड्यातून बाहेर पडले त्याची कारणे केवळ इतिहासप्रेमात शोधली तर पुरती सापडत नाहीत. जोतीराव फुले ह्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांचा पवाडा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी राजाला कुळवाड्यांचा राजा म्हणून पुढे आणले. टिळकांनी १८९५ मध्ये रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धाराची हाक दिली आणि पुढच्याच वर्षी रायगडावर उत्सव झाला. ह्या दोन प्रवाहांचे आपसांत पटत नव्हते हे सर्वश्रुत आहे. पण नावाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांत एक मोठा फरक पडतो, आणि तो आजवरच्या चर्चेत कोणी मांडलेला मला तरी दिसलेला नाही. उत्सवाने शिवाजीला देव्हाऱ्यात नेले. पवाड्याने त्याला बांधावर आणले. देव्हाऱ्यातल्या मूर्तीचे नाव मुलाला ठेवता येते, पण त्यासाठी आपल्याकडे देवांचीच नावे मुबलक आहेत. बांधावरच्या माणसाचे नाव मात्र आपोआप घरात येते. कृष्णराव अर्जुन केळुसकरांचे मोठे चरित्र, करवीर छत्रपतींची वसतिगृहे, सत्यशोधकांचे जलसे, आणि शिवाजीच्या नावाने निघालेल्या बहुजन समाजाच्या शिक्षणसंस्था (अमरावतीची पंजाबराव देशमुखांची संस्था १९३२ ची) ह्यांनी त्या नावाला गादीवरून उतरवून शाळेच्या बाकावर आणून बसविले. ज्याचा बाप शाळेत गेला नव्हता अशा मुलाचे नाव शिवाजी ठेवून त्याला शिवाजीच्या नावाच्या शाळेत घालणे, ह्यात एका पिढीची आकांक्षा आहे. ती वाचल्यावाचून ह्या नावाचा इतिहास लिहिता येणार नाही.

पुढे सार्वजनिक जीवनात जे शिवाजी दिसू लागले त्यांची जन्मसाले पाहा. वक्तृत्वाने सारा महाराष्ट्र फिरलेले प्राचार्य शिवाजीराव भोसले १९२७ चे. मुख्यमंत्री झालेले शिवाजीराव पाटील निलंगेकर १९३१ चे, आणि ते तर निजामी राज्याच्या प्रजेतले. 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंत १९४० चे, आजऱ्याचे. अभिनेते शिवाजी साटम १९५० चे. चार नावांनी अनुमान सिद्ध होत नाही हे मी जाणतो. परंतु ज्या शिक्षकांनी १९५० ते १९८० ह्या काळात सातारा, कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर किंवा मराठवाड्याच्या खेड्यांतून शिकविले, त्यांना ह्या अनुमानासाठी पुरावा मागावा लागणार नाही. एका वर्गात दोन शिवाजी, एक संभाजी आणि दोन तानाजी ही नित्याची गोष्ट होती. हजेरी घेताना आडनावाने हाक मारल्याशिवाय गत्यंतर नसे.

मराठी मुलखाबाहेर ह्या नावाने जो प्रवास केला तो अधिक चमत्कारिक आहे. देवघरला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले सखाराम गणेश देऊस्कर बंगालीत लिहू लागले, त्यांनी कलकत्त्यास शिवाजी-उत्सवाची कल्पना रुजविली, आणि १९०४ मध्ये त्यांच्या पुस्तिकेच्या निमित्ताने रवींद्रनाथांनी शिवाजी-उत्सवावर कविता लिहिली. ज्या बंगालात वर्गीच्या स्वारीची भीती घालून मुलांना झोपवीत, त्याच बंगालात पुढे 'शिबाजी' नावाची मुले वाढली. १९७७ मध्ये पेले ह्यांच्या कॉसमॉस संघासमोर मोहन बागानचा गोल राखणारे शिबाजी बॅनर्जी, आणि साहित्यसमीक्षक शिबाजी बंद्योपाध्याय ही दोन नावे सर्वांस माहीत आहेत. बंगाल्यांनी नाव घेतले ते पूर्णपणे आपल्या उच्चारात घेतले, आणि बंगाली आडनावापुढे ते शोभूनही दिसते. बाहेर वसलेल्या एका मराठी लेखकाने परभाषेत केलेल्या खटपटीचा हा फलविस्तार आहे. आपल्या अकादमीच्या सभासदांनी तो विशेष अभिमानाने पाहावा.

गुजरातेत मात्र असे घडले नाही. १६६४ आणि १६७० च्या सुरतेच्या आठवणी असूनही झवेरचंद मेघाणींनी जिजाऊच्या मुखी घातलेले शिवाजीचे हालरडे घरोघर गाइले गेले. पाळण्यावर शिवाजीचे गीत आणि पाळण्यात मात्र शिवलाल किंवा शिवशंकर! ह्याचे कारण मला वाटते ते असे : गुजराती कानाला 'जी' हा अजूनही जिवंत आदरार्थी प्रत्यय आहे, आणि 'शिवाजी' हे नाव म्हणून सुटे होत नाही, ते एका विशिष्ट मराठी पुरुषालाच चिकटून राहते. बंगालीला ही अडचण नव्हती. वडोद्याच्या मित्रांस हे कारण पटते की नाही, हे मला त्यांच्याकडून ऐकावयास आवडेल.

तमिळनाडूची कथा तर नाटकातली आहे, आणि खरोखरीच नाटकातली. सी. एन. अण्णादुरै ह्यांनी शिवाजीवर नाटक लिहिले, त्यात राज्याभिषेकाच्या वेळच्या धर्मशास्त्री विरोधाचा प्रश्न मध्यभागी होता. १९४६ च्या सुमारास त्यात शिवाजीची भूमिका करणाऱ्या गणेशन नावाच्या तरुण नटाचे काम पाहून पेरियार ई. व्ही. रामस्वामी ह्यांनी त्यास 'शिवाजी' म्हटले, आणि तो जन्मभर शिवाजी गणेशन राहिला. फुल्यांच्या पवाड्याची आणि ह्या तमिळ नाटकाची दृष्टी किती जवळची आहे हे निराळे सांगावयास नको. पुण्याच्या आणि मद्रासच्या ह्या दोन चळवळी एकमेकींच्या तोंडाकडे न पाहता एकाच शिवाजीपाशी येऊन पोहोचल्या. तंजावरच्या राजवंशाने दोन शतके हे नाव तमिळ भूमीत वागवले, तरी लोकांच्या जिभेवर त्याला बसविले ते एका नटाने. आणि ह्यातला उपहास असा की, १९५० मध्ये बंगळुरात रामोजीराव गायकवाड नावाच्या मराठी गृहस्थांना मुलगा झाला, त्याचे नाव त्यांनी शिवाजीराव ठेवले. तो पुढे तमिळ चित्रपटात गेला तेव्हा तेथे एक शिवाजी आधीच प्रसिद्ध असल्यामुळे, असे सांगतात, त्याला १९७५ मध्ये रजनीकांत हे नाव घ्यावे लागले. जन्माने मराठी असलेल्या शिवाजीने तमिळ शिवाजीसाठी जागा सोडली. २००७ मध्ये त्याच नटाने 'शिवाजी' नावाच्या चित्रपटात शिवाजी नावाच्या माणसाचे काम केले, तेव्हा ते नाव बत्तीस वर्षांनी आपल्या माणसाकडे परत आले असे म्हणण्याचा मोह होतो.

इतके मुलूख फिरलेले हे नाव आज आपल्या घरी कसे आहे? शहरांतील मराठी शाळांत, आणि आता खेड्यांतही, नव्या प्रवेशात शिवाजी क्वचित दिसतो. शिवराज आहे, शिवम आहे, शिवांश आहे, राजवीर आहे. माझे काही सहकारी ह्यावरून तरुण आईबापांच्या अभिमानशून्यतेवर बोट ठेवतात. मला ते मान्य नाही. ज्या घरात मुलाचे नाव शिवांश आहे त्याच घराच्या मोटारीवर राजांचे चित्र आहे. अभिमान उणावला नाही. तो वाढला, आणि वाढता वाढता नाव ठेवण्यास जागा उरली नाही.

ह्याचा माग सार्वजनिक नामकरणांत लागतो. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द घातला गेला. विमानतळाला १९९९ मध्ये छत्रपती शिवाजींचे नाव मिळाले, २०१८ मध्ये तेथेही 'महाराज' आले. कोल्हापूरचे विद्यापीठ १९६२ मध्ये नुसते शिवाजी विद्यापीठ म्हणून स्थापन झाले, आणि त्या वेळी त्यात कोणास उणेपणा वाटला नाही. गोविंद पानसरे ह्यांच्या १९८८ च्या पुस्तकाचे शीर्षक 'शिवाजी कोण होता?' असे आहे. त्यातल्या एकेरी क्रियापदावर जेवढी चर्चा झाली तेवढी पुस्तकातल्या मजकुरावर झाली असती तर बरे झाले असते. २०१२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' ह्या नाटकाने हेच एकेरी नाव पुन्हा वस्तीत नेले, आणि त्या नाटकाचे निम्मे बळ त्या शीर्षकातच आहे असे माझे मत आहे.

मराठी भाषेत एकेरी हा अनादर नव्हे, हे शिक्षकांना तरी सांगावयास नको. आपण विठोबाला अरेतुरे करतो, रामाला करतो, आईला तर करतोच. ज्याच्याशी अंतर आहे त्याला अहोजाहो. शाहिराचा 'शिवबा' आणि जुन्या क्रमिक पुस्तकांतला 'शिवाजी म्हणाला' हे त्या निकटपणाचे रूप होते. त्या एकेरीची लाज वाटू लागली तेव्हा नावाभोवती उपाधींचे कडे पडू लागले. आणि उपाधींवाचून जे उच्चारणे गैर, ते नाव रोज दहा वेळा रागावून, हाक मारून, लाडाने मोडून वापरावयाच्या मुलाला कसे ठेवावे? आमच्या भागातल्या एका शाळेत मी उमेदवारीची वर्षे काढली, तेव्हा वर्गात शिवाजी नावाचा एक खोडकर मुलगा होता. एकदा मी त्याला म्हणालो, "शिवाजी, बाकावर उभा राहा." वर्ग खोखो हसला, आणि तोही हसत उभा राहिला. शाळा सुटल्यावर त्याची आई कुंपणापाशी येऊन "शिव्या, चल की रे लवकर!" अशी हाक मारी. आज तसे हसू येईल, की कोणी तक्रार करील, ह्याची मला खात्री नाही.

ह्या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो मी स्वतःच घेतो. तानाजी, धनाजी, संताजी, बाळाजी हीही नावे मागे पडली आहेत, आणि त्यांच्याभोवती उपाध्यांचे असे कडे नाही. मग शिवाजी मागे पडला तो आदरामुळे नव्हे, तर सबंध 'जी'कारान्त घडणच जुनी झाली म्हणून, असे का म्हणू नये? ह्या आक्षेपात तथ्य आहे. अठराव्या शतकापासूनच दरबारी नावांत फत्तेसिंह, प्रतापसिंह असा 'सिंह' शिरत होता. पुढे 'जी'वर 'राव' चढला, आणि आता 'राजे' चढत आहे. घडणीचा ओघ आहेच. परंतु ओघात वाहून गेलेले नाव लोक विसरतात. त्याची जवळची दुसरी रूपे शोधीत नाहीत. तानाजीच्या जागी 'तानराज' कोणी ठेवला नाही. शिवाजीच्या जागी मात्र शिवराज, शिवतेज, शिवेंद्र अशी रांग लागली आहे. म्हणजे पालकांना नाव हवेच आहे. फक्त ते नेमके नाव घेण्याचे धैर्य होत नाही, म्हणून ते त्याच्या आसपास घुटमळतात. नवलाची गोष्ट ही की, ह्या घुटमळण्यात ते नकळत भूषणाच्या 'सिवराज'कडे आणि राजमुद्रेवरच्या 'शिव'कडे परत गेले आहेत.

सीमाभागात ह्या प्रश्नाला आणखी एक धार आहे. बेळगावात शिवजयंती तिथीने होते, चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, आणि तिच्यात जी मराठी ऐकू येते ती वर्षभर कचेरीत ऐकू येत नाही. अशा गावात मुलाचे नाव शिवाजी ठेवणे हे केवळ बारशाचे काम राहत नाही. माझ्या पिढीतल्या काही बापांनी ते नाव निर्धाराने ठेवले, कारण दाखल्यावर ते कोणत्याही लिपीत लिहिले तरी मराठीच राहते. काहींनी त्याच कारणासाठी ते टाळले, पोराला पुढे नोकरीत त्रास नको म्हणून. दोघांनाही मी ओळखतो आणि दोघांनाही दोष देऊ शकत नाही. नाव ठेवणे आणि नावे ठेवणे ह्यांत मराठीने फक्त एका मात्रेचे अंतर ठेवले आहे.

गोमंतकात, जेथे नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजीने १६६८ मध्ये पुन्हा उभारले, हे नाव घरांत किती रुजले, आणि पोर्तुगीज अमदानीत जन्मनोंदीच्या वेळी त्याचे काय झाले, हे तेथील कोणा अभ्यासकाने लिहिले तर ह्या लेखातील एक मोठी उणीव भरून निघेल. तसेच इंदूर, ग्वाल्हेर, वडोदे, हैदराबाद येथील जुन्या मराठी शाळांची जनरल रजिस्टरे हा ह्या विषयाचा खरा खजिना आहे. त्यांत मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मगाव आणि जन्मतारीख एकाच ओळीत मिळते. नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यांच्या नामावळ्यांत तर एकेका कुळाच्या कित्येक पिढ्या आहेत. शाळा बंद पडल्या की ही रजिस्टरे प्रथम माळ्यावर आणि मग रद्दीत जातात. सभासदांपैकी ज्यांच्या हाती अशी रजिस्टरे असतील त्यांनी निदान १९०० ते १९६० पर्यंतच्या नोंदींतील शिवाजी, शिवराम आणि संभाजी ही तीन नावे सालवार उतरवून अकादमीकडे पाठवावी. बेळगावकडील दोन शाळांचे काम मी हाती घेतले आहे. त्यांपैकी एका शाळेची १९२० पूर्वीची पाने वाळवीने खाल्ली आहेत, उरलेली उतरविणे चालू आहे.